टिकलीचा ग्लास

बिअरच्या कारखान्यात मी पोती उचलायला लागलो आणि चव घेणारा म्हणून निवृत्त झालो. शाळा चौथीपर्यंत. साहेब लोक शिकलेले, पण टाकी बाटल्यांत भरायची का मोरीत सोडायची, हे शेवटी माझ्या जिभेला विचारायचे. त्या जिभेसाठी मी चाळीस वर्षं कच्चा कांदा खाल्ला नाही. पान नाही, तंबाखू नाही. बायकोला भाकरीबरोबर कांदा लागतो, तर ती आत स्वयंपाकघरात बसून खायची. "राजेसाहेबांच्या जिभेला दृष्ट लागंल," म्हणायची.

मागच्या वर्षी ताप आला आणि माझा वास गेला. वरणाला फोडणी दिलेली आता नुसती ऐकू येते. कुणाला सांगितलं नाही. कांदा तसाच बंद ठेवला. खाल्ला असता तर घरात कळलं असतं.

जावयाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला बार आहे, बिअर तो स्वतः बनवतो. एका रविवारी सकाळी तो बरकतपुऱ्याला आमच्या घरी दोन बाटल्या घेऊन आला. बेल्जियमच्या धर्तीची पेल एल जातीची बिअर, दोन वेगळ्या टाक्यांतली.

"मामा, एका टाकीला उकडलेल्या मक्याचा वास मारतोय, माल बिघडलाय असं मला वाटतं. कामावरचे नाही म्हणतात. तुम्ही सांगाल ते फायनल."

"तीन ग्लास लाव," मी म्हणालो. रीत मीच त्याला शिकवलेली. दोन ग्लासांत एकच माल, तिसऱ्यात दुसरा; चाखणाऱ्यानं वेगळा ओळखायचा. त्यानं आरशावरची सासूची टिकली काढली, माझ्याकडे पाठ करून वेगळ्या ग्लासाच्या तळाला लावली, ओतलं.

रंग तांब्यासारखा. फेस काचेला धरून हळू उतरत होता. एवढं डोळ्यांनी जमलं. मग घोट घेतला. या बिअरला संत्र्याच्या सालीचा, भाजलेल्या पावाचा, मागून जरा लवंगेचा वास असतो, हे मला पाठ आहे. तिन्ही ग्लासांत नुसतं गार, कडसर पाणी. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तेच.

"आज लई वेळ लागला," बायको म्हणाली.

"मधला," मी म्हणालो. "मका आहे त्याच्यात."

जावयानं मधल्या ग्लासाकडे बघितलं. "हौ मामा. बरोबर. मलाबी तोच वाटला."

जाताना तो पाया पडला. एरवी पडत नाही.

तो गेल्यावर मी ग्लास मोरीत उलटे केले. मधल्याचा तळ कोरा होता. टिकली डावीकडच्याला.

कारखान्यात साहेबांनी शिव्या दिल्या, एकदोघांनी जातही काढली. पण माझ्या जिभेला कुणी सांभाळून घेतलं नव्हतं. टाकी कोणती सोडायची ते जावयाला आधीच कळलं होतं. त्याला माझी गरज नव्हती, आणि मला दुसरं काहीच येत नाही.

दुपारी जेवायला बसलो. "कांदा आण," मी म्हणालो.

बायकोनं बुक्कीनं कांदा फोडून माझ्या ताटात ठेवला. मी चावला. डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही नाही.

"काहीच लागत नाही गं," मी म्हणालो.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "दूध करपून घरभर धूर झाला, तुम्ही शेजारी डोळे मिटून बसला होता. तवाच कळलं."

ती आपलं ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मी उरलेला कांदा संपवला.