राणीचं गेट

मधमाश्यांचा थवा पकडायला फोन येतो तेव्हा पलीकडचा माणूस नेहमी घाईत असतो. माश्या बसल्यात, लगेच या, नाहीतर पेटवतो. पेटवतो म्हटलं की मी निघते. गुडघे दुखतात, शिडीच्या तिसऱ्या पायरीनंतर जीव घाबरा होतो, तरी निघते. सांगलीतल्या निम्म्या वॉचमन लोकांकडे माझा नंबर ‘माशीवाल्या काकी’ म्हणून आहे. मधाचं म्हणाल, तर गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात चमचाभर मध उतरलेला नाही.

कारण माश्या पकडता येतात, ठेवता येत नाहीत. परसात शेवग्याखाली माझी एक मधपेटी आहे. तिच्यात मी चार थवे आणून घातले आणि चारही निघून गेले. एकाला मुंग्यांनी छळलं, एकाला उन्हानं. बाकीचे दोन का गेले ते त्यांनाच ठाऊक. चौथा गेला तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. डोक्यावरून घोंगावत गेला आणि मी ओला टॉवेल हातात धरून नुसती बघत राहिले. त्याच दिवशी नवऱ्याला सांगून टाकलं, आता एकच थवा आणायचा, तो राहिला नाही तर पेटी कुणाला तरी देऊन टाकायची. हा राग नव्हता. मी दमले होते.

पाचवा थवा कुपवाडला मिळाला. एका वर्कशॉपच्या पार्किंगमध्ये, मोटरसायकलच्या आरशाला लोंबत होता. शिफ्ट सुटलेली, सगळ्यांच्या गाड्या गेलेल्या, आणि या गाडीचा मालक हेल्मेट काखेत धरून दहा फुटांवर उभा.

“आवं काकी, हळू घ्या, पर लवकर घ्या,” तो म्हणाला. “बायकूला फोन करून सांगितलं, गाडीवर माश्या बसल्यात. ती म्हणती, रोज नवं कारण कुठनं आणताय?”

मी मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी खालून धरली, आरशाला एक हिसका दिला, आणि थवा पिशवीत पडला. एकही माशी चावली नाही. थवा लहानच होता, नारळाएवढा. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी फक्त खूश झाले, की चला, शिडी चढावी लागली नाही.

घरी पेटीच्या आत गवती चहा चोळला, माश्या घातल्या आणि दाराला राणी गेट बसवलं. गेट म्हणजे पत्र्याची एक पट्टी. तिच्या फटींतून कामकरी माश्या ये-जा करतात, पण राणी अंगानं मोठी, ती आतच राहते. आणि राणीला सोडून बाकीच्या जात नाहीत. मला हे काम शिकवणारे काका खंडाळ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा नियम साधा होता. चार-पाच दिवस गेट ठेवायचं, मग पेटी उघडायची, राणीनं घातलेली अंडी दिसली की काढायचं.

पाचव्या दिवशी मी पेटी उघडली नाही. उघडली, त्या बिथरल्या, आणि निघून गेल्या तर? आठव्या दिवशी भर दुपारी दारापाशी गर्दी दिसली म्हणून वाकून बघितलं. फटीत राणीचं डोकं होतं. ती फटीत अंग घालायची, मागं जायची, शेजारच्या फटीशी यायची. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच वेळेला.

मला काय वाटलं असेल? आनंद झाला. नवऱ्याला हाक मारून दाखवलं, “बघा, पळायच्या बेतात आहे. बरं झालं गेट आहे ते.”

तो म्हणाला, “बाहेर काय काम असंल तिचं. सोड की जरा.”

“तुम्हाला काय कळतंय माश्यांतलं?” मी म्हणाले. त्याची आख्खी नोकरी लेथ मशीनवर गेलेली.

पुढे ती दारात यायची थांबली. मी म्हटलं, रुळली. गेट तसंच राहिलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसायची, पिवळी पिवळी पूड पायाला लावून येणाऱ्या माश्या बघायची. खूप दिवसांनी मला बरं वाटत होतं.

दीड महिना झाला तेव्हा गेटच्या आतल्या बाजूला काळ्या, जाडजूड माश्या अडकलेल्या दिसल्या. नर. एखाददुसरा नाही, ढीग. तेव्हा कुठे पेटी उघडली. पोळ्यावर सगळीकडे नरांच्याच घरांची उंच, टोपीसारखी झाकणं. कामकरी माशीचं एकही पिल्लू नाही. तिथूनच काकांना फोन लावला.

“थवा केवढा हुता?” त्यांनी विचारलं.

“नारळाएवढा.”

“आवं ताई, एवढा बारका थवा म्हंजे राणी कवारी. तिला नरांकडं उडून जायाचं असतंय. एकदा जाऊन आली की जन्मभर बाहेर पडत न्हाई. गेट कवा काढलं?”

मी सांगितलं. ते म्हणाले, “आता काढलं तरी तिची वेळ गेली. राणी नरांकडं गेली न्हाई, तर तिच्या अंड्यातनं नुसतं नरच निघत्यात. कामकरी हायत त्या म्हाताऱ्या. लय उशीर झाला.”

ती बाहेर पडून परत येणार होती. याच पेटीत. दोन दुपारी तिनं माझ्या डोळ्यांदेखत वाट शोधली आणि मी तिला पळपुटी समजले. याची मला अजून लाज वाटते.

मी गेट उपसून काढलं. नवरा मागं येऊन उभा राहिला होता. “आता जातील की गं,” तो म्हणाला.

“जाऊ देत,” मी म्हणाले.

कुणीच गेलं नाही. रोज मूठ-मूठ कमी होत गेल्या. उन्हाळ्यात एके दिवशी पेटी उघडली तेव्हा पोळ्यावर राणी होती आणि तिच्याभोवती दहा-बारा माश्या. आणखी चार दिवसांनी त्याही नव्हत्या. मी आणलेल्या पाच थव्यांपैकी शेवटपर्यंत माझ्याकडे राहिला तो हा एकच.