बॉनेटवरचं नाक

डोणगावात येऊन कलीम डेंटरचं दुकान विचारलंत, तर लोक तुम्हालाच विचारतील, "नाकवाला कलीम का?" तुम्ही हो म्हणालात की कोणीही उठून थेट दुकानापर्यंत आणून सोडेल. हे नाव त्याला माझ्यामुळे पडलं. चार वर्षं तो ते नाव वागवतोय आणि मी त्याच्याच शेजारी बसून खुशाल चहा पितोय. आता राहवत नाही म्हणून लिहायला बसलो.

कलीमचं खरं काम डेंटिंगचं. गाडीला ठोकर लागून आत गेलेला पत्रा होता तसा करायचा. मेहकर रस्त्याला टिनाचं शेड, दोन हातोड्या, लाकडाचे काही ठोकळे आणि एक ग्राइंडर, एवढाच त्याचा पसारा. पत्र्यावरून तळहात फिरवताना तो डोळे मिटून घेतो. त्यानं काढलेला पोचा कुठे होता हे नंतर मालकालाही दाखवता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी असता तर त्याच्या दारात रांग लागली असती.

स्वभाव मात्र फार मऊ. समोरचा माणूस चुकीचं बोलत असला तरी त्याचं बोलणं संपेपर्यंत हा थांबणार. आणि बोलणं संपलं की समोरचा निघून गेलेला असणार. माझ्यासारख्याच्या तावडीत सापडायला एवढं पुरे होतं.

मी इथल्याच हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर एक जुनी डिझेल जीप घेतली, आणि गाव मला इंजिनातलंही कळतं असं समजू लागलं. मीही तसं समजू लागलो. चार वर्षांपूर्वी ती जीप काळा धूर ओकायला लागली. मेहकरच्या अलीकडचा चढ पहिल्या गिअरशिवाय चढेना. त्याच सुमारास मी मोबाइलवर शर्यतीच्या गाड्या पाहत होतो. त्यांच्या बॉनेटवर समोर तोंड उघडं असलेला एक उंचवटा असतो, स्कूप म्हणतात त्याला. धावताना त्यातून हवा थेट इंजिनात शिरते. झालं, मला निदान सापडलं. माझ्या जीपला श्वास पुरत नव्हता.

मी खडू घेऊन कलीमच्या शेडच्या पत्र्यावर आकृती काढली. बाण दाखवून हवा कुठून कुठे जाणार ते समजावलं. तो म्हणाला, "सर, पह्यले हवेची नळी अन् एअर क्लीनर खोलून पाहू का?"

"ते मेकॅनिकचं काम. तू बॉनेटला भोक पाड."

त्यानं पाडलं. दोन दिवस खपून पत्र्याचा असा सुबक स्कूप घडवला की कंपनीतूनच आल्यासारखा वाटावा. खालून नळी जोडून दिली. तिसऱ्या दिवशी माझी जीप तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढली. मी परस्पर स्टँडवरच्या हॉटेलात गेलो आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. तेवढ्यात कलीम आला. म्हणाला, "सर, एक गोष्ट सांगाची होती. ते नळीमधी..."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कलीम, तू आर्टिस्ट आहेस आर्टिस्ट!" आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

गावानं त्या स्कूपला नाक म्हणायला सुरुवात केली आणि पुढच्या महिन्यात सहा गाड्यांना नाकं बसली. भाजीचा पिकअप, शाळेची व्हॅन, रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची बोलेरो. लोणारहून लोक येऊ लागले. लग्नाच्या गाडीला फुलं लावण्याआधी नाक लावायची पद्धत पडली. पोचे काढायला आता त्याच्याकडे कोणी येईना. दारात गाडी थांबली की मालक काच खाली करून फक्त बोटानं बॉनेट दाखवायचा. कलीम दिसायला खुशीत होता. निदान मला तरी तो तसाच दिसला, कारण मला तेच पाहायचं होतं.

यंदा पोळ्यानंतर एका दुपारी तो माझ्या घरी आला. ओसरीत उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"सर, आज माझं पुरं आयकून घ्या. मधात बोलू नका."

मग त्यानं सांगितलं. माझ्या जीपच्या हवेच्या नळीत उंदरानं घर केलं होतं. शेजारच्या शेतातला कापूस, सुतळीचे तुकडे, प्लास्टिकची फाटकी पन्नी, सगळं ठासून भरलेलं. स्कूप जोडायला नळी काढली तेव्हा ते त्याच्या हाताला लागलं. त्यानं ते फेकून दिलं. गाडी पळाली ती त्यामुळे. स्कूपमुळे काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गोपालचा पिकअप, तोच भाजीचा, भर पावसात पुलाजवळ बंद पडला. नाकातून पाणी सरळ आत गेलं होतं. गोपाल अजूनही डिझेलला शिव्या देतो. पण कलीमला कळायचं ते कळलं. तेव्हापासून तो भोक पाडतच नव्हता. न कापलेल्या बॉनेटवर नुसता पोकळ पत्रा बसवून द्यायचा. मालक खूश, इंजिन सुखरूप.

मला आधी रागच आला, तोही त्याच्यावर. एकतीस वर्षं मुलांना प्रयोग करून पाहा म्हणून सांगितलं आणि स्वतः एक नळी खोलून पाहिली नाही, हे पचायला जड गेलं.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"आता ॲम्ब्युलन्स आली, सर."

आमच्या गणेश मंडळानं वर्गणीतून ॲम्ब्युलन्स घेतली होती. मंडळाचा अध्यक्ष इंद्रभान. आवाज मोठा, मनानं चांगला, कोणाला रक्त लागलं की पहिला धावणारा. त्याला वाटलं, पेशंटची गाडी सगळ्यात जोरात पळाली पाहिजे. नाक बसवायचं, तेही स्थापनेच्या दिवशी मंडपासमोर, सगळ्या गावादेखत. बॉनेट कापताना व्हिडिओ काढायचा. म्हणजे पोकळ पत्रा चिकटवायची सोय नाही.

"नाही म्हण," मी म्हणालो.

कलीम म्हणाला, "सर, मी नाही म्हटलं तर त्याचा अर्थ कसा निघते, तुमाले मालूम हाय. मंडळाच्या गाडीले कलीम नाही म्हणते, एवढंच गावभर होईन. बाकीचं कोणी आयकत नाही. तुमी सांगा. तुमचं आयकतीन."

मी शब्द दिला. तेव्हा कुठे तो खाली बसला आणि पाणी प्यायला.

स्थापनेच्या दिवशी मंडपासमोर ॲम्ब्युलन्स हार घालून उभी होती. मी वाक्यं पाठ करून गेलो होतो. इंद्रभाननं माईक घेतला आणि म्हणाला, "कलीमभाईचे हात, पण डोस्कं कोनाचं? आपल्या सरांचं!" टाळ्या वाजल्या. माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला, मग माईकही आला. समोर माझे जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. ग्राइंडर हातात घेऊन कलीम बॉनेटपाशी उभा होता आणि फक्त माझ्याकडे पाहत होता.

मी चार मिनिटं प्राणवायूवर बोललो. हवा हेच जीवन आहे, माणसाचं आणि इंजिनाचंही, असंही म्हणालो. लाज वाटते, पण म्हणालो. मी खाली बसलो तेव्हा कलीमनं मान वळवली आणि ग्राइंडर सुरू केला.

चौथ्या दिवशी दुपारी जवळच्या वस्तीवरची एक बाळंतीण मेहकरला न्यायची होती. ॲम्ब्युलन्स गेली आणि पाठोपाठ आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. कलीमची बायको शबाना मला नंतर सांगत होती. हातातलं काम टाकून त्यानं पिशवीत हाताचं ड्रिल, रिव्हेटचे खिळे, नवं फिल्टर अन् पत्र्याचा तुकडा भरला आणि मोटारसायकल काढली. ती दारात आडवी झाली, "पाऊस तं थांबू द्या." तर म्हणाला, "थांबला तर जायचं कामच नाही." तिला काही समजलं नाही. मला समजलं.

चढावर ॲम्ब्युलन्स दोनदा गचकली, पण कशीबशी पोचली. कलीमला ती दवाखान्याच्या आवारात उभी दिसली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, हे आधी विचारून घेतलं, आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला पाहून यानं पावसातच बॉनेट उघडलं. खालून पत्रा रिव्हेट करून भोक कायमचं बंद केलं, भिजलेलं फिल्टर बदललं. भिजत परत आला आणि दोन दिवस तापानं पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हॉटेलात सांगत होता, "जातानी नवीन होतं म्हणून जरा अडखळली. येतानी काय पळाली बाप्पा! कलीमभाईचं नाक लई भारी."

त्या आठवड्यात चार नवीन गाड्या त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

मी त्याला भेटायला गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, सर." मला ते जाऊ देणं जास्त लागलं. मी म्हणालो, "माझ्या जीपचं नाक काढून टाक. पहिलं तेच आहे, पहिलं तेच निघू दे. लोक विचारतील, मी सांगेन. या वेळी नक्की सांगेन."

त्याचा चेहरा बदलला. इतका की आपण त्याची केवढी कोंडी करून ठेवली आहे ते मला तेव्हा दिसलं. त्यानं त्याच दिवशी नाक काढलं, भोकाच्या जागी पत्रा जोडला, घासला, रंगवला. मी डोळे मिटून हात फिरवला. मला जोड सापडला नाही. माझ्याकडे पाहून तो हसला. "सर, हे आपलं काम. सांगितल्यावर लोक पोचे काढाले येतीन ना?"

"येतील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप हॉटेलसमोर लावली. कलीम आधीच दाराशी चहा घेत उभा होता. इंद्रभान आत होता, गोपाल होता, आणखी दहा-बारा जण होते.

"अहो सर, नाक कुठी गेलं?" इंद्रभाननं विचारलं.

मी उभा राहिलो आणि या वेळी खरंच सांगितलं. उंदराचं घर, कापूस, बंद नळी. नाकानं गाडी पळत नाही. उलट पावसात पाणी आत जातं. चूक माझी आहे, कलीमची नाही.

 इंद्रभाननं कप बशीवर ठेवला.

"मंग आमच्या सगळ्याइले येड्यातच काढलं म्हना," गोपाल म्हणाला. "माहा पिकअप बंद पडला तो..."

"त्याले मालूम होतं?" इंद्रभाननं मला विचारलं, पण पाहिलं कलीमकडे. "पानी जाते हे मालूम होतं, तरी गनपतीसमोर माह्या ॲम्ब्युलन्सले भोक पाडलं? पेशंट होता तिच्यात!"

"त्यानं मला सांगायला सांगितलं होतं. मीच..."

पण माझं कोण ऐकतंय? दोन-तीन जण उठून उभे राहिले होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मुद्दाम केलं असन." कोण बोललं ते मला अजून कळलेलं नाही. त्याला कोणी गप्प बस म्हणालं नाही. कलीमनं हातातला ग्लास तसाच धरला होता. दाराच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला गोपाल येऊन उभा राहिला होता.

मी हसलो. कसा हसलो देव जाणे.

"अरे, खरंच वाटलं का तुम्हाला? गंमत केली! शाळा सुटली, पण परीक्षा घ्यायची सवय सुटत नाही. बॉनेट रंगवायला नाक काढलंय."

 आधी इंद्रभान हसला. गोपालनं कपाळावर हात मारला, "सर, तुमी बी ना!" आणि अख्खं हॉटेल हसायला लागलं. उभे राहिलेले लोक बाकावर बसले. सगळ्यात मोठ्यानं कलीम हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

मग त्यानं ग्लास ठेवला, बाहीनं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, रंग वाळला आता. उद्या आठले गाडी आना. या बारीले मोठं नाक बसवू."

मी आठला गाडी घेऊन गेलो.