पिंकीचा हात फुगलाच नाही

"टीबी नाही, खुशाल घरी न्या," असं मी पिंकीच्या आजीला ठणकावून सांगितलं, आणि ते साफ चुकलं. तेव्हा मी नवी नर्स होते. ज्ञान बेताचं, आवाज मात्र मेट्रनचा.

पिंकी सिहोऱ्याची, चार वर्षांची. तिच्या आईच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते. पोरीला संध्याकाळी ताप, मानेला गाठ. डॉक्टर मॅडमनी मांटू टेस्ट लिहिली. म्हणजे टीबीच्या जंतूतलं थोडं प्रोटीन हाताच्या कातडीत टोचायचं आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं. जागा फुगून कडक झाली, तर शरीराची त्या जंतूशी ओळख आहे. पिंकीचा हात सपाट. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या, पण मी होते ना! दिला निकाल.

दुपारी मॅडम आल्या. "पिंकी कुठाय?"

"घरी पाठवली. निगेटिव्ह."

"टेस्ट निगेटिव्ह की पोरगी निगेटिव्ह?"

मला वाटलं, एकच तर आहे.

मॅडमनी खुर्ची ओढली. "हात फुगवतात त्या टी सेल. या पहारेकरी पेशींना अख्खा जंतू ओळखता येत नाही. दुसरी एक पेशी जंतू गिळते, तुकडे करते आणि एक तुकडा आपल्या अंगावर धरून दाखवते. तो जिला नेमका बसतो, तीच टी सेल थांबते. वर दाखवणारीनं 'धोका आहे' अशी वेगळी खूणही द्यावी लागते. तेव्हा कुठे ती जागी होते, एकीच्या हजारो होतात. काही आठवण धरून मागे राहतात. मांटूत धावून येतात त्या या."

"म्हणजे पिंकीच्या टी सेलनी जंतू पाहिलाच नाही. म्हणून सपाट."

"किंवा पाहिलाय, पण सध्या त्या निपचित पडल्यात. तरी सपाटच."

जंतू नसला तरी सपाट, असला तरी सपाट! माझं डोकं खळ्यावरच्या बैलासारखं गोल फिरायला लागलं.

"निपचित कशानं पडतात?"

"कुपोषण, काही औषधं, नुकताच झालेला मोठा आजार."

"आजार नाही, मॅडम. मी आजीला दोनदा विचारलं."

"तरी परत आणा. एवढ्या लहान पोरीत टीबी मेंदूपर्यंत जाऊ शकतो."

मी मिळेल त्या बसनं सिहोऱ्याला गेले. दारावर कडुनिंबाचा वाळका डहाळा.

"आजी, हा कायले बांधला?"

"पोरीले माय आली होती ना मागच्या महिन्यात. गेली आता."

"गोवर? मंग मी बिमारी विचारली तवा काहून नाही सांगितलं?"

"मायले बिमारी म्हनू? पाप लागन ना, बाई!"

मला गोवर आला तेव्हा माझ्या आईनंही असाच डहाळा बांधला होता, आणि आमच्याही घरात 'देवी आली' असंच म्हणायचे, कुणी त्याला आजार म्हटलं नव्हतं. युनिफॉर्म घातला आणि मी ते विसरले. गोवर टी सेलना काही आठवडे लुळं करून ठेवतो, हे तर माहीतच नव्हतं.

"पोरीले घेऊन चाला, आजी. टीबी असू शकते."

"सकाळी तं नाही म्हनलं तू! सकाळचं खरं का आताचं?"

"आताचं."

"अन् उद्याचं?"

आजी बडबडत उठली, पण पोरीला कडेवर घेतलं.

छातीचा एक्स-रे झाला. मानेच्या गाठीतून सुईनं पाणी काढलं, त्यात जंतू निघाले. औषध वेळेत सुरू झालं. पिंकी भरली, धावायला लागली.

तेव्हापासून एक कळलं: सपाट हात 'नाही' म्हणत नसतो, तो नुसता गप्प असतो. गप्प बसलेल्याला निर्दोष समजू नये, हे पुढे नवऱ्याच्या बाबतीतही उपयोगी पडलं.

औषधाचा कोर्स संपला त्या दिवशी आजी मला व्हरांड्यात थांबवून म्हणाली, "बाई, आता कोनाले बिमारी झाली होती का, असं नोको विचारत जाऊ. घरी कोन येऊन गेलं, असं विचारजो."