न वाजलेली शिट्टी

ती घटना मी आजवर कुणाला सविस्तर सांगितली नाही, पण विसरलेही नाही. बाळांनो, परवा तुम्ही दोघांनी बर्फाच्या डोंगरावरून फोटो पाठवलात. गळ्यात अडकवलेल्या नारिंगी शिट्ट्या दिसल्या आणि लिहायला बसले. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून आहेत.

तेव्हा मी घाटनांदूरच्या बाजूला एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. एक म्हातारा मेंढपाळ आत आला, बाकावर न बसता जमिनीवर बसला, खांद्यावरचं घोंगडं मांडीवर घेतलं. त्याचा धाकटा मुलगा उत्तरेकडच्या एका उंच डोंगरी राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेला होता आणि रुग्णवाहिकेतून परत आला होता.

सोबत गावातल्या पुढाऱ्याचा मुलगा होता, शाळेपासूनचा मित्र. वाटाड्याबरोबर सकाळी निघायचं, वरच्या कुरणापर्यंत चढायचं आणि दिवस मावळायच्या आत उतरायचं, अशी ती एका दिवसाची सहल. दुपारनंतर धुकं आलं. सगळे उतरले, हा उतरला नाही. दुसऱ्या दिवशी शोधपथकाला तो वाटेपासून बराच वर मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात मारहाणीची खूण नव्हती, मृत्यू थंडीने झाला होता. तिकडच्या पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली होती.

"माझं लेकरू वाट चुकणारं न्हाई, बाई," म्हातारा म्हणाला. "डोंगरातच वाढलंय त्ये. आन् चुकलं असतं तर खाली आलं असतं. वर कशाला जाईल? कुणीतरी नेलंय त्येला."

"कुणावर संशय आहे, बाबा?"

त्याने पुढाऱ्याच्या मुलाचं नाव घेतलं. त्या घराचं नाव घेताना गावात माणसं आवाज खाली आणत. म्हाताऱ्याने तो चढवला होता.

फिर्याद शून्य क्रमांकाने नोंदवून ज्यांची हद्द त्यांच्याकडे पाठवली. पुढे फार काही होईल असं वाटलं नव्हतं. मग त्याच सहलीला गेलेल्या एका शिक्षिकेचा ठाण्यात फोन आला. "त्या दोघांचं वर वाजलं होतं. त्याच्या मित्राने जबाबात सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं. मी त्याला बोलावलं. वडील मोटार घेऊन आले, बरोबर चार माणसं. त्यांना बाहेर बसवून मी दार लोटलं. चौकशीत एक गोष्ट लवकर कळते: लपवणारा माणूस तपशील वाढवतो, लाजणारा गाळतो. हा गाळत होता.

"भांडण कशावरून झालं?"

"भांडण न्हाई, म्याडम. गंमत केलती."

"काय गंमत? मलाही हसू दे."

त्याने नखांकडे बघत हळूहळू सांगितलं. वाटेत तिथल्या मेंढपाळांचा कळप आडवा आला. सगळे बाजूला झाले, म्हाताऱ्याचा मुलगा मात्र कळपात शिरला. एक कोकरू लंगडत होतं. त्याचा पाय मांडीवर घेऊन खुरातला खडा काढू लागला. लोक फोटो काढायला लागले.

"मी म्हणलो, अबे, इतक्या लांब येऊन बी मेंढरंच राखतो का बे? सगळे हसले. त्यो बी हसला. मग म्हणला, तुमी व्हा म्होरं. परत माझ्याशी बोलला न्हाई."

"आणि धुकं आलं तेव्हा?"

"मला वाटलं, रागानं मागं ऱ्हायलाय. सगळ्यात मागं वाटाड्याचा मदतनीस असतो, त्येच्यासंगं येईल." त्याला रडू फुटलं. "शिट्टी वाजवली असती तर मी गेलो असतो, म्याडम. आईशप्पत गेलो असतो."

मदतनीस तेव्हा डोकं दुखणाऱ्या एका बाईंना धरून उतरवत होता. धुक्यात त्याची नजर चुकली. पण शिट्टी? वाटाड्याने निघताना प्रत्येकाच्या गळ्यात एकेक अडकवली होती. रस्ता सुटला तर जागेवर बसा आणि वाजवत राहा, असं बजावलं होतं. मृताच्या गळ्यात ती तशीच सापडली. आवाज कुणीच ऐकला नव्हता. शुद्धीवर असलेला माणूस शिट्टी का वाजवणार नाही? कुणी वाजवू दिली नाही का? सगळा संशय तिथे येऊन थांबत होता. पुढाऱ्याचा मुलगा खरं बोलतोय असं मला वाटत होतं, पण माझ्या वाटण्याचा पुरावा होत नाही. खुनाचा आळ त्याच्यावर तसाच होता.

तिकडच्या तपास अधिकाऱ्याने मदतीला बोलावलं. मी आणि आमचे एक हवालदार गेलो. त्याच वाटाड्याने आम्हाला त्याच वाटेने नेलं. त्या दिवसानंतर तो प्रथमच वर चढत होता. झाडं संपली, गवत लागलं, मग नुसते दगड. दर वळणावर आम्ही थांबत होतो.

"म्याडम," हवालदार धापा टाकत म्हणाले, "हितं हवा बी रेशनवर मिळती का?"

मुख्य वाट सोडून मेंढ्यांची एक पायवाट वर गेली होती. ती जिथे संपली तिथे मेंढ्या कोंडायचं दगडी वाडगं होतं, रिकामं. म्हाताऱ्याचा मुलगा त्याच्या भिंतीला टेकलेला सापडला होता. पायाखाली लेंड्यांचा मऊ थर होता. वाटाड्या हिंदीत म्हणाला, "चुकलेला माणूस खाली जातो. वर गेलेला मी पाहिला नाही." मग तोंड फिरवून उभा राहिला.

उतरताना ऊन कललं होतं. खालून एक कळप आमच्यासमोर आला आणि बाजूने वर निघून गेला.

"दिवस बुडायला आला, आन् ही वर कुठं चाललीत?" हवालदारांनी विचारलं.

उन्हाळाभर त्यांचा मुक्काम वरच असतो, वाटाड्या म्हणाला. एका वाडग्याजवळचं गवत संपलं की पुढच्या वाडग्याकडे; त्या मुलाला लागलं ते असंच सोडलेलं होतं. गावात त्या फक्त बर्फ पडायच्या आधी येतात. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

परत आल्यावर म्हाताऱ्याच्या वस्तीवर गेले. संध्याकाळ होत होती. काही न लपवता सांगितलं: कोकरू, ती गंमत, रिकामं वाडगं.

"खडा काढला व्हय," तो म्हणाला. "काढणारच." मग विचारलं, "त्या वाटंवर लेंड्या व्हत्या का, बाई?"

"होत्या. थेट वाडग्यापर्यंत."

समोरच्या उतारावरून त्याचा कळप कुणी न हाकता वस्तीकडे येत होता.

"लेकरू चालाया लागलं की आमी पहिलं ह्येच शिकिवतो," तो म्हणाला. "धुकं पडलं, वाट दिसंना, तर भ्यायचं न्हाई. मेंढराचा माग धरायचा. सांजंला मेंढरू घरीच येतंय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तिकडं सांजंला कुठं जात्यात वो मेंढरं?"

बऱ्याच घरांत मी वाईट बातमी घेऊन गेले आहे. इतका जड एक शब्द कधी झाला नव्हता.

"वर," मी म्हणाले.

मेंढरं वाडग्यात शिरली. तो उठून त्यांच्याकडे गेला नाही.

"म्हंजी चुकला न्हाई त्यो," म्हातारा म्हणाला. "म्या सांगितलेल्या वाटंनंच गेला."

शिट्टी का वाजली नाही, ते मला तिथे कळलं. आपण हरवलोय असं त्या मुलाला वाटलंच नव्हतं; रिकाम्या वाडग्यातही तो मेंढरांची वाट बघत बसला असणार. तो घरी निघाला होता.

म्हाताऱ्याचा पुरवणी जबाब घेतला आणि तिकडे पाठवला. मित्रावरचा संशय मिटला. मी निघताना म्हातारा म्हणाला, "त्या पोराला सांगा, तोंड चुकवून फिरू नगं म्हणावं. दोघं हितंच जेवून मोठी झाल्यात."

तपास यशस्वी झाला असं वरिष्ठांनी कळवलं. मला तसं वाटलं नाही. गुन्हेगार सापडला की घरच्यांना निदान राग धरायला जागा मिळते. मी ती जागा त्या बापाकडून काढून घेतली आणि त्याचा स्वतःचाच शब्द त्याच्या हातात ठेवून आले. खरं शोधणं हे माझं काम होतं. त्या खऱ्याचं त्याने पुढे काय करावं, हे कुणी मला शिकवलं नव्हतं.

बाळांनो, लहानपणी सुट्टीत आलात की मीही तुम्हाला बरंच काही शिकवलं. वारा कुठून आला की पाऊस येतो, ओढा कुठे ओलांडावा. ते सगळं इथल्या माळाचं आहे. तिथे तिथल्या वाटाड्याचं ऐका. धुकं आलं आणि मागेपुढे कुणी दिसेनासं झालं, तर आहात तिथे बसा आणि शिट्टी वाजवा. हरवल्यासारखं वाटलं नाही, तरी वाजवा.