गिरणीच्या अंगणातला अब्दाली

रामनगरात गोपाळची पिठाची गिरणी होती, पण त्याला गिरणीवाला म्हणणारे थोडे आणि सेनापती म्हणणारे फार. बरं, ह्या सेनापतीनं आयुष्यात तलवार सोडाच, कोंबडीवर सुरीसुद्धा चालवली नव्हती. ते काम त्याची बायको अनुसया करायची. ह्याची सगळी मर्दुमकी दिवाळीत, गिरणीमागच्या सारवलेल्या अंगणात.

बेळगाव-खानापूरकडची माणसं दिवाळीला पोरांसाठी मातीचा किल्ला करतात. गोपाळचे वाडवडील तिकडचेच. मिशा पिकायला लागल्या तरी ह्याचा किल्ला काही सुटला नाही. उलट तो वाढत वाढत अंगणभर पसरला आणि त्याची लढाई झाली. फणसाच्या आठळ्या म्हणजे पायदळ, चिंचोके म्हणजे घोडदळ, बिब्बे म्हणजे तोफा आणि सागरगोटे म्हणजे सरदार. पिठाच्या रेघांनी डोंगर, निळीनं नदी. आळीपाळीनं कवड्या टाकायच्या आणि पडेल त्या दानानं फौज हलवायची. शत्रूनं मुख्य सरदाराला गाठून पाडलं की त्याची फौज मोडली. पाडव्याला सकाळी मांडलेला डाव ऊन उतरेपर्यंत चालायचा आणि भोवती ही गर्दी जमायची.

कुठल्या काळातली लढाई मांडायची, यावर गोपाळ वर्षभर गिरणीत प्रवचन द्यायचा. दळण घेऊन आलेल्या बायकांनाही तो सोडायचा नाही. महाभारत नको, कारण एक अस्त्र सुटलं की निम्मा पट साफ, मग खेळणाऱ्यानं काय माशा मारायच्या? शिवाजी महाराजांचा काळ सांगायला सोन्यासारखा, पण तो गनिमी काव्याचा. एवढ्या आठळ्या मांडून ठेवायच्या आणि मूठभर माणसांनी खिंडीतून निसटायचं, यात पट भरत नाही. आताची लढाई तर बोलूच नका, वरून विमान आलं की खेळ खलास. खरा काळ महाराजांच्या नंतरचा आणि विमानांच्या आधीचा. तोफा आल्यात, पण जागच्या हलत नाहीत. घोडी अजून वेगात आहेत. फौजा अफाट आहेत आणि टेकडीवरून सगळं रण दिसतं. म्हणून दरवर्षी मराठे आणि औरंगजेबाचा अफाट लष्कर-तळ. बायका माना डोलवायच्या आणि पीठ घेऊन सुटायच्या.

मराठे अर्थात गोपाळकडे. मोगल कुंभारवाड्याच्या वासूकडे.

वासू रानातला शेतकरी. धरणाखाली गेलेल्या सुप्याच्या शाळेत दोघे एका बाकावर होते, तेव्हापासूनची ही जोडी. पाडव्याच्या आदल्या दिवशी वासू मिळेल त्या बसनं यायचा, स्वतःच्या फणसाच्या सुकवलेल्या आठळ्यांची पिशवी आणायचा, मोगल व्हायचा आणि हरायचा. सगळ्यांनाच मराठे जिंकायला हवे असत, त्यामुळे वासूला एखादं दान चांगलं पडलं तरी लोक हळहळायचे. तो बिचारा स्वतःच हसायचा.

पण एका वर्षी अनुसयेनं वाढलेले पोहे खाता खाता वासू लाजत म्हणाला, "गोपाळा, औंदा एक डाव मला मराठे दे की. लई वर्सं झाली, मोगलच हाय मी."

चार माणसं बसली होती. नाही कसं म्हणणार? "दिले!" गोपाळ म्हणाला. लोकांनी वाहवा केली. आणि वाहवा ऐकत असतानाच त्याच्या डोक्यात आलं की औंदा पानिपत मांडावं. मराठे वासूचे, पण लढाई मराठ्यांनी हरलेली. शब्दही राहील आणि डावही हातचा जाणार नाही. ह्या हुशारीचं त्याला त्या दिवशी कौतुक वाटलं, हे पुढं त्याला आठवलं की तोंड कुठं लपवू असं व्हायचं.

वासूला पानिपत ऐकून माहीत होतं, पण त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. भगव्या चिंधीचा झेंडा त्यानं स्वतः काडीला बांधला. सगळ्यात मोठा सागरगोटा मुख्य सरदार विश्वासराव म्हणून मधोमध ठेवला आणि त्याला हात जोडले. गोपाळ अब्दाली झाला.

आणि वासू खेळला! त्यानं सगळं घोडदळ एकदम सोडलं नाही, निम्मं मागं राखलं. तोफांपुढे स्वतःच्या आठळ्या येऊ दिल्या नाहीत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गोपाळची डावी बाजू मोडली होती, आणि दुपार कलली तेव्हा वासूचे चिंचोके अब्दालीच्या सागरगोट्यापासून एका दानावर होते. आपल्या डोळ्यांदेखत पानिपत जिंकलं जातंय म्हटल्यावर कुणाचं काळीज जाग्यावर राहील? म्हाताऱ्या नागूअण्णांनी तर डोळ्याला उपरणं लावलं. वासूनं कवड्या उचलल्या.

"थांब," गोपाळ म्हणाला. "दुपार कलली. आता विश्वासराव पडतो."

"कुणी पाडला?" वासूनं विचारलं. आणि विचारणं बरोबरच होतं, कारण विश्वासरावाच्या आसपास शत्रूची एक आठळी नव्हती.

"गोळी लागते. पुस्तकात तसं आहे. इतिहास आपल्याला बदलता येत नाही, वासू."

असला नियम त्या खेळात कधीच नव्हता. कितीतरी पाडवे औरंगजेब त्याच अंगणात मन मानेल तसा मरत आला होता, तेव्हा इतिहास कुठं शेण खायला गेला होता? पण गोपाळनं खाली वाकून सागरगोटा उचलला आणि खिशात टाकला. फौज मोडली. लोक हळूहळू पांगले. सेनापती पुस्तकं वाचणारा, तो म्हणतो ते खरंच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

वासूनं आपल्या आठळ्या पिशवीत भरल्या. मग गोपाळच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कशाला तोंड पाडतोस? तुजी काय चूक? लिवलंच हाय तसं. मलाच वाचवता आलं न्हाई त्यांना."

तो गेल्यावर अनुसया भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "वासूभावजी जिंकले असते तर तुमचं काय जळत हुतं वो?" गोपाळच्या खिशातला सागरगोटा मांडीला टोचत होता. गिरणी सुरू केली तर पट्ट्याच्या आवाजातही त्याला 'तुजी काय चूक' ऐकू यायचं. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्याला मिशा पिकल्यावर कळलं. शेवटी कापणी उरकल्यावर तो बसमध्ये बसला. वासूला गाठायचं, नियम मी बनवला, तू जिंकला होतास, असं तोंडावर सांगायचं आणि वासू देईल ती शिवी खायची.

कुंभारवाड्याला वासूच्या खळ्यात पोचला तर तिथं माणसं गोल करून बसलेली. पलीकडच्या वाडीतलीही आलेली. मळणी झालेल्या सारवलेल्या खळ्यावर कोंड्याच्या रेघा, आणि रेघांमध्ये आठळ्या. वासूची बायको तुळजा मराठे होती आणि पदर खोचून दीर लाडूच्या अब्दालीला पळवत होती. गोपाळला बघून वासूनं उठून जागा केली. "आला बगा आमचा सेनापती! ह्यानंच शिकीवलं मला."

गोपाळनं त्याला बाजूला घ्यायला दंड धरला, तेवढ्यात तुळजानं शेवटच्या दानासाठी कवड्या उचलल्या. वासू घाईनं वळला.

"थांब, थांब. दुपार कलली. हितं विश्वासराव पडतो."

त्यानं वाकून सागरगोटा उचलला. तुळजा उसळली. "कोन मारतंय त्याला? माज्या विश्वासरावाजवळ कोन न्हाई!"

"गोळी लागती. गोपाळनं सांगितलंय. तो वाचून सांगतो, उगं न्हाई सांगत."

तुळजानं कवड्या तशाच मुठीत धरून गोपाळकडे पाहिलं. "खरं व्हय, भावजी?"

सगळं खळं त्याच्याकडे बघायला लागलं. वासू तर अशा भरवशानं बघत होता, की जणू आता स्वतः वासूच्याच खरेपणाचा निकाल लागायचा होता. नाही म्हणावं, तर इतक्या माणसांत, बायकोपुढे, भावापुढे वासू खुळा ठरतो. यायच्या वाटेवर घोकलेलं एकही वाक्य गोपाळला आठवेना.

"व्हय, वहिनी," तो म्हणाला.

"मग जिकत आलो तरी हरायचंच, असं लिवलंय म्हना आमचं," तुळजा हसली आणि आपली फौज सुपात भरायला लागली. गोपाळ खाली बसला आणि मान वर न करता तिला एकेक आठळी वेचून देऊ लागला.