एकाच नळीतले दोघं

पोलिसात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चार लोकांची तोंडं हुंगण्यात गेली. नाकाबंदी लावायची, गाडी अडवायची, यंत्राची नळी पुढं करायची आणि म्हणायचं, फुंका. आकडा तीसच्या वर गेला की गुन्हा. नियमानं दर माणसाला नवी नळी लागते. पण नळ्यांचं पाकीट वेळेवर येईल तर शपथ! मग आम्ही एकच नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवायचो, झटकायचो आणि पुढच्याच्या तोंडात द्यायचो. किळस येत असंल वाचताना. आम्हाला येत नव्हती, सवय झाली होती.

त्या दिवशी परंड्याहून सोनारीकडं जाणाऱ्या रस्त्यावर उभा होतो. दुपारचे चार वाजत आलेले, ऊन रणरणतं. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक मोटारसायकलवाला आला. मी न बघताच नळी पुढं केली. त्यानं टॉवेल खाली ओढला आणि माझं पाणी पाणी झालं. माझा व्याही, लेकीचा सासरा.

"आता सोयऱ्यालाबी फुंकायला लावता व्हय?" असं म्हणून हसत हसत त्यांनी फुंकली. एकशे बेचाळीस. देशीचा आणि वर खाल्लेल्या बडीशेपेचा वास भपकन आला.

लेक दिलेल्या घरचा माणूस आपल्या दारी आला तर आधी त्याच्या पायावर पाणी घालायचं, ही आमची रीत. त्याची गाडी जप्त करून त्याला ठाण्यात बसवलं असतं, तर लेकीनं त्या घरात कोणत्या तोंडानं भाकरी थापायची? मी आकड्यावर अंगठा ठेवला. "यंत्र बिघडलंय," म्हणालो. "सावकाश जावा." ते गेले.

पाच-सात मिनिटांनी मालवाहू टेम्पो आला. चालवत चाचा होते. त्यांना मी चांगला ओळखायचो. मी भाड्यानं राहायचो त्या गल्लीच्या टोकाला मशीद आहे, तिथं अजान तेच द्यायचे. माझी पहाटेची ड्यूटी त्यांच्या आवाजावर चालायची, गजर कधी लावला नाही. या माणसानं जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. डोकं ठिकाणावर नसल्यामुळं मी नळी बुडवली नाही, झटकलीसुद्धा नाही. तशीच दिली. कागदावर नोंद भरायची होती, एवढंच.

चव्वेचाळीस.

"जमादार, थेंब न्हाय घेतला मी. अल्लाची कसम."

मी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. तोंडाला नुसता चहाचा वास होता. पुन्हा फुंकायला लावलं. अडतीस. तिसऱ्यांदा तेहतीस. प्रत्येक फुंकीला यंत्रातून बडीशेपेचा वास येत होता, आणि दर वेळी थोडा कमी. चाचा घामाघूम झाले होते. मला भर उन्हात काटा आला. वाटलं, नळीत अजून कुणीतरी आहे आणि ते हळूहळू निघून चाललंय.

नळी फेकून द्यायची, चाचांना सोडायचं, एवढं साधं काम होतं. तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. तिला बोलता येत नव्हतं. शेवटी शेजारच्या बाईनं फोन घेतला आणि सांगितलं, की व्याही पुलाच्या कठड्याला धडकले. लोक धावले तेव्हा श्वास चालू होता, पाच-दहा मिनिटं चालला, मग हळूहळू थांबला.

मी पळालो. जाताना रस्त्याच्या पलीकडं गाड्या अडवणाऱ्या जोडीदाराला म्हणालो, "यांचं तेवढं बघ." त्यानं आपल्या परीनं बघितलं. यंत्रातून आकड्याची चिठ्ठी काढली, चाचांची सही घेतली, लायसन्स जमा केलं. रक्ताच्या तपासणीला दवाखान्यात न्यायचं, तेही राहिलं. पुढं ती चिठ्ठी माझ्या हातात आली. तिच्यावर वेळ होती चार वाजून बारा मिनिटं. व्याही गेले तेव्हाही लोकांच्या घड्याळात तेवढेच वाजले होते. मी यंत्राला नवी नळी लावून स्वतः फुंकून बघितलं. शून्य आलं. त्यानंतर त्या यंत्राबरोबर एका खोलीत एकटं बसायची मला भीती वाटायची, आणि हे सांगायची लाजही.

चाचांना सगळे म्हणाले, गुन्हा कबूल करा, एका दिवसात मोकळे व्हाल. ते ऐकेनात. "पिलेल्या माणसाच्या तोंडानं अजान कशी द्यायची?" लायसन्सची त्यांना पर्वा नव्हती. मशिदीच्या जमातीनंही सांगितलं होतं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुम्हीच द्या.

कोर्टात मला एकच प्रश्न आला. "नवी नळी लावली होती का?"

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, आधी कुणी फुंकली? यंत्रात एकशे बेचाळीसचा आकडा बिननावाचा पडून होता. लेकीच्या सासऱ्याला मी अडवलं होतं आणि दारू कळूनही सोडलं होतं, हे तिला आजही ठाऊक नाही. मी जजसाहेबांकडं न बघता म्हणालो, "होय, नवी लावली होती."

निकाल लागला, गुन्हा शाबीत झाला. बाहेर लिंबाखाली चाचा माझी वाट बघत उभे होते. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जमादार," ते हळूच म्हणाले, "बायकोला इचारलं, चहावाल्याला इचारलं. मला तर काय आठवत न्हाय. पण तीनदा फुंकलं, तीनदा आलं. तुम्ही नेक माणूस. खरं सांगा, त्या दिवशी मी पिलो होतो का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"व्हय चाचा," म्हणालो. "पिला होता तुम्ही."

त्यांनी मान हलवली. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, बरं झालं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अजान झाली, वेळेवर. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता.