आमच्याकडे मेकॅनिक येत नसे

लग्न झाल्यापासून आमच्या घरात मेकॅनिक म्हणून कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मिक्सर, इस्त्री, गीझर, सगळं हेच उघडायचे. "घरात इलेक्ट्रिशियन बसलेला असताना परक्याला कशाला बोलवायचं?" असं ठणकावायचे. यांचा मुहूर्त लागेपर्यंत इस्त्री डायनिंग टेबलावर पोट फाडून पडलेली असायची. त्यावरून आमची भांडणं ठरलेली.

आता यांना कंपवात आहे. उन्हाळ्यात अंग जास्तच ताठरतं, घामानं जीव नकोसा होतो, म्हणून धायरीच्या या फ्लॅटमध्ये एसी घेतला. परवा भर दुपारी तो गार हवा देईना. ड्राय बाल्कनीत जाऊन पाहिलं, तर बाहेरचं युनिट नुसतं घुमत होतं, त्यातला पंखा ढिम्म. खराट्याची काडी जाळीतून घालून पातं ढकललं, तसा फिरायला लागला. तिथूनच ओरडून यांना सांगितलं.

"कपॅसिटर गेला," हे आतूनच म्हणाले. "सुरुवातीचा धक्का तोच देतो मोटारीला. ड्रॉवरमध्ये नवा आहे बघ."

आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. मला फार बरं वाटलं. मेन स्विच मी बंद केला, झाकणाचे स्क्रू मी काढले. हे भिंतीला धरून आले आणि स्टुलावर बसले.

"आता सरक. पुढचं तुझं काम नाही."

या कामात यांचा एक नेम. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून राहते, म्हणून हात लावण्याआधी प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर त्याच्या टोकांवर आडवा टेकवायचा. चट्‌ करून ठिणगी उडायची. मुलगी लहान असताना तिला शेजारी बसवून सांगायचे, "आधी याला रिकामा करायचा, मगच हात." ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

यांनी थरथरता हात सरळ टोकांकडेच नेला.

"अहो, स्क्रू ड्रायव्हर!" मी ओरडले आणि मनगट धरलं.

मी कशासाठी ओरडले ते यांना कळलंच नाही. प्रश्नार्थक बघत राहिले. मग कळलं, आणि चेहरा असा उतरला की माझ्याच्यानं बघवेना.  

यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. बनियन घामानं भिजलं होतं.

"अगं," शेवटी म्हणाले, "खालच्या दुकानातून मेकॅनिकचा नंबर आण."

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर भांडले होते. पायात चपला सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यातच मला रडू फुटलं.